दिल्या घरच्या आत्या

"कॅन्सर आहे," डॉक्टर मला इंग्रजीत म्हणाले. उजव्या स्तनातल्या गाठीची बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, झाली होती. मी तेव्हा छत्तिशीत होते.

मग सासूबाईंकडे वळून त्यांनी कानडीत विचारलं, "निम्म मनेयल्ली यारिगादरू इत्ता?" तुमच्या घरात कुणाला होता का?

"इल्ल, इल्ल! आमच्या घरात असलं काही नाही," सासूबाई तडकल्या.

मुलांनो, खरंच नव्हतं. पण त्यांच्या घराण्याचं रक्त माझ्या अंगात कुठून येणार? लग्नात गोत्र बदलतं, रक्त नाही. "माझ्या माहेरचं मला विचारा," मी डॉक्टरांना म्हटलं. आणि सांगायला गेले, तर मलाच धड माहीत नव्हतं.

मॅस्टेक्टमी, म्हणजे स्तन काढण्याची शस्त्रक्रिया, झाल्यावर माझे वडील अप्पा येलहंक्याहून भेटायला आले. माझ्या दोन आत्या तरुणपणीच गेल्या होत्या. एकीला दृष्ट लागली, दुसरीचं दूध गोठलं, असं ऐकत मी वाढले होते.

"अप्पा, आत्यांना गाठी होत्या का?"

"हळू बोल, अक्का. होत्या. पण त्या आपल्या कुठं राहिल्या? दिल्या घरी गेल्या, तिथंच संपल्या."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"शकूचं स्थळ ठरतंय. बाहेर कळलं तर पोरीला कोण करून घेईल?"

शकू माझी धाकटी बहीण. तिचं लग्न मोडू नये म्हणून तिचा जीव टांगणीला! टाके ताजे होते, तरी मी ओरडले. नर्स धावत आली.

हा आजार कधी कधी घराण्यात असतो, बहिणींनी दर महिन्याला स्तन चाचपून पाहावेत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी शकूला सगळं सांगितलं. स्थळ मोडलं. अप्पांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

"स्वतःचं लग्न झालं, आता माझं मोडलंस. झालं समाधान?" शकू म्हणाली.

पुढे तिचं दुसरीकडे जमलं. काही वर्षांनी एका सकाळी ती दारात उभी. "अक्का, हात लावून बघ." वाटाण्याएवढी गाठ. मी तिला तशीच हॉस्पिटलात नेलं. शकू वाचली. अजून माझ्याशी भांडते. त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. अप्पांना मात्र मी अजून माफ करू शकलेले नाही.

रक्तातला हा दोष बापाकडूनही येतो आणि मुलगेही तो पुढे देतात. म्हणून हे नातींइतकंच नातवांसाठी आहे. डॉक्टर फॅमिली हिस्टरी विचारतील, म्हणजे रक्ताच्या माणसांचे आजार. तेव्हा माझं नाव सांगा, शकूचं सांगा, यमुनाआत्या आणि गोदाआत्या यांचंही सांगा. लाज धरून आपल्या घरात आजवर कुणी वाचलेलं नाही.