ग्रीन कार्डाचे गाऱ्हाणे

श्री. सर्वेश नाटेकर यांना मी त्यांच्या बालपणापासून ओळखते, कारण मरोळच्या आमच्या चाळीत त्यांच्या आणि माझ्या खोलीमध्ये एकच भिंत आहे. भिंतीपलीकडचे माणूस आपल्याला त्याच्या नातेवाइकांपेक्षा जास्त कळते, असे माझे मत आहे. आमच्या प्रौढ वर्गाच्या अंकासाठी गरिबीतून वर आलेल्या व्यक्तीविषयी लिहावयाचे ठरले. चाळीतून अमेरिकेपर्यंत पोहोचलेली व्यक्ती एकच आहे. म्हणून मी त्यांच्याविषयी लिहीत आहे.

त्यांचे वडील औद्योगिक वसाहतीत हेल्पर होते. ते अकस्मात वारले तेव्हा सर्वेश चौथीत होते आणि त्यांची बहीण कमल आठवीत होती. आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटू लागली. कमलने शाळा सोडली आणि ती साकीनाक्याला स्विच जोडण्याच्या कारखान्यात जाऊ लागली. सर्वेश यांनी काय सोडले, हे मी पुष्कळ आठवून पाहिले. काही आठवले नाही.

ते हुशार होते, हे खरे आहे. परंतु नळाला पाणी आले की त्यांना अभ्यास आठवत असे. बांगड्याचा मधला तुकडा त्यांच्या ताटात पडे आणि डोके कमलच्या. याबाबतीत मी कमललाही दोष देते. “अगं, त्याला एक हंडा तरी उचलू दे,” असे मी म्हणत असे. ती म्हणे, “मावशी, त्याचे हात पेन धरायचे आहेत.” असे हात पुढे कोणाला धरीत नाहीत, हे तिला समजावयास हवे होते.

ते इंजिनिअर झाले. कमलच्या पगारावर बँकेचे कर्ज मिळाले आणि ते अमेरिकेत शिकावयास गेले. नोकरी लागली. मुलुंडच्या श्वेता नावाच्या मुलीशी विवाह झाला. कर्ज त्यांनी फेडले, तेवढे लिहिणे माझे कर्तव्य आहे. आता त्यांचे न्यू जर्सी येथे घर आहे, दोन मोटारी आहेत आणि घरापुढे गवत आहे. ते गवत ते स्वतः कापतात आणि त्याचा फोटो आम्हाला पाठवितात. ज्या मनुष्याने येथे कधी केर काढला नाही, त्याच्या गवताचे कौतुक आम्ही का करावे, हे मला समजलेले नाही.

गेल्या वर्षी ते गणपतीसाठी सहकुटुंब आले. आई त्यापूर्वीच वारली होती. आमच्या मंडळाचा सेक्रेटरी नितेश याने त्यांचा सत्कार ठरविला. सत्काराच्या दिवशी कमल माझ्याकडे साडीची पिन लावून घेण्यास आली.

“मावशी, भाषणात तो माझं नाव घेईल ना?”

“घेईल. न घेऊन जातो कुठे?” मी म्हणाले.

“मला दुसरं काही नको. लोकांसमोर एकदा म्हणू दे, ताईने शिकवलं.”

ती पहिल्या रांगेत बसली. सर्वेश माइकवर म्हणाले, “मला कोणाचाही आधार नव्हता. रस्त्याच्या दिव्याखाली बसून मी अभ्यास केला.” लोकांनी टाळ्या वाजविल्या. आमच्या गल्लीत त्या काळी रस्त्याचा दिवाच नव्हता. ते खोलीत ट्यूबलाइटखाली अभ्यास करीत, आणि त्यांना आवाज सहन होत नसे म्हणून कमल व आई बाहेर ओट्यावर बसून राहत. कमलने टाळी वाजविली नाही. तिने पदराची पिन काढली आणि पुन्हा लावली.

आमची चाळ बहुतेक मालवणकडची आहे. विसर्जनापूर्वी आमच्याकडे देवाला गाऱ्हाणे घालतात. वडीलधारा मनुष्य देवाशी मोठ्याने बोलतो आणि प्रत्येक मागणीला सर्वजण “व्हय म्हाराजा” असा होकार देतात. ज्याच्यासाठी गाऱ्हाणे असते तो नारळ धरतो. त्याचा होकार आल्याशिवाय नारळ देवापुढे ठेवीत नाहीत. सर्वेश यांचे ग्रीन कार्ड पुष्कळ वर्षे अडकलेले होते. म्हणून त्यांनी स्वतःच आमच्या शिवदासतात्यांना गाऱ्हाणे घालण्यास सांगितले. एवढे शिकून त्यांना फक्त कमलचा विसर पडला होता, देवाचे भय शिल्लक होते.

तात्यांनी डोळे मिटले. “बा देवा गणपती म्हाराजा! ह्यो तुझो सर्वेश परदेशात गेलो, मोठो झालो.”

“व्हय म्हाराजा!”

“तेचा ता हिरवा कार्ड खंय अडाकला असात, तर मोकळा कर.”

“व्हय म्हाराजा!” सर्वेश यांचा आवाज सर्वांत मोठा होता.

“तेची भयण कमल. तिना शाळा सोडल्यान, कारखान्यात बोटां झिजवल्यान, आणि ह्येका शिकवल्यान. दिव्यान नाय शिकवल्यान. तिका सुखी ठेव.”

“व्हय म्हाराजा!” चाळ ओरडली.

तात्यांनी डोळे उघडले. “सर्वेशा, तुझो आवाज नाय इलो.”

सर्वेश नारळाकडे पाहत पुटपुटले.

“देव काय तुझ्या तोंडात बसलो नाय. मोठ्यान बोल. नायतर घे नारळ आणि जा.”

मुले हसू लागली. सर्वेश यांनी एकदा पत्नीकडे पाहिले, एकदा व्हिडिओ काढणाऱ्या नितेशच्या मोबाइलकडे पाहिले, आणि ग्रीन कार्डासाठी जेवढ्या मोठ्याने ओरडले होते तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

“बस झालं, तात्या,” कमल म्हणाली. “घसा बसेल त्याचा. उद्या विमानात बसायचंय.” आणि ती प्रसाद वाटावयास उठली. तिची मान ताठ होती.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी सर्वेश यांनी माझे दार वाजविले. मला वाटले, पाया पडण्यास आले असावेत. त्यांच्या भाषणाचा व्हिडिओ अमेरिकेतील मित्रांना आधीच गेलेला होता, आणि त्यांतील काहीजणांना त्यांनी वर्गणीसाठी मंडळाच्या ग्रुपवरही घेतले होते. ते दारातच उभे राहिले. कमलच्या खोलीकडे त्यांनी पाहिले नाही.

“मावशी,” ते म्हणाले, “नितेश तुमचं ऐकतो. त्याला सांगा ना, गाऱ्हाण्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकू नको.”