दिंडोरीच्या अलीकडं दिलेली ज्योत

मला लिहायची सवय नाय. चौथीपर्यंत शाळा झाली, ती पण निफाडकडं आमच्या गावात, अर्धा दिवस वर्गात आणि अर्धा दिवस द्राक्षाच्या बागेत. म्हणून बोलते तसंच लिहिते. आधी एक सांगून टाकते, मला त्या वेळी देवीची भक्ती नव्हती, भीती होती. दुसऱ्या बायका देवीचं नाव घेतलं की शांत होतात, मी दिवा लावून पाठ न दाखवता मागं सरायची. वाटायचं ती बघतीये आणि वाट बघतीये, आणि एक दिवस माझी पोरगी परत मागून घेणार हाय.

त्याला कारण असं झालं. माझी पोरगी वर्षाची होती तेव्हा तिला तापात आकडी आली. डोळे वर गेले, दात बसले, ओठ निळे. मालक अंबडला कंपनीत दुसऱ्या पाळीला गेलेले. मी आणि आत्या, आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आम्ही दोघींनी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं बाकड्यावर मी पोरीचे पाय धरून बसले होते आणि आत्यांनी वर हात जोडून नवस बोलला. "आई सप्तशृंगी, एवढं लेकरू राख. हिची आई तुझी ज्योत घेऊन वणीपासून दिंडोरीपर्यंत एकटी पळत येईल, अनवाणी, कुणाच्या हातात न देता." मी शेजारीच होते. मला कुणी विचारलं नाय. आणि त्या वेळी विचारलं असतं तरी मी हो म्हणले असते, गडावरून उडी मार म्हणले असते तरी हो म्हणले असते. पोरगी वाचली. आणि तेव्हापासून तो नवस माझ्या मानेवर बसला.

आमच्या गल्लीचं मंडळ दरवर्षी घटस्थापनेला गडावरून ज्योत आणतं. लोखंडी दांडी, वर वाटीसारखं, त्यात तेलात भिजवलेल्या चिंध्या पेटवलेल्या. पोरं आळीपाळीनं पळतात, मागं टेम्पो असतो, त्यात तेलाचा डबा. ज्योत खाली टेकवायची नाय, विझू द्यायची नाय. ती आली की गल्लीतला घट बसतो आणि घराघरातले दिवे तिच्यावरच लागतात. तेव्हा बायका पळत नव्हत्या. सासरे जिवंत होते तोवर वणी ते दिंडोरी हा टप्पा त्यांचा असायचा, म्हणून आत्यांच्या तोंडात तेवढाच आला. वीस-एकवीस किलोमीटर भरतं म्हणतात. मी तोवर एसटी पकडायला सुद्धा पळाले नव्हते.

मंडळाचे अण्णा भले माणूस, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं. "वहिनी, उजाडता वणी सोडायची आणि नवाच्या आत दिंडोरी. नाय आली तर ज्योत तुमच्या हातातून काढून घेईन, राग धरायचा नाय. बाराच्या आत घट बसला पाहिजे, आख्ख्या गल्लीचा हाय." काढून घेतली म्हणजे नवस मोडला. नवस मोडला म्हणजे काय, ते मी मोठ्यानं म्हणत पण नव्हते.

मग मी पळायला शिकले. कंपनीचा पहिला भोंगा झाला की साडी खोचून निघायचं आणि दुसऱ्या भोंग्याच्या आत घरी यायचं. अंबडला तेव्हा नवीन रस्ते पाडलेले, नुसते मोकळे प्लॉट आणि बाभळी, माणूस कमी. पहिल्या दिवशी दोन खांबांपुढं गेले आणि ओकले. बाळंतपणानंतर माझ्या अंगात रक्तच नव्हतं, छातीत भाता चालायचा. एका कंपनीचा वॉचमन रोज ओरडायचा, "कुणाच्या मागं लागलीस गं बाई, का तुझ्या मागं कोण लागलंय?" मी पळत राहायची. पण हळूहळू पाय मोकळे झाले, तळवे चामड्यासारखे झाले, दुसऱ्या भोंग्याला मी दारात उभी असायची. आत्या उंबऱ्यात बसून कान देऊन असायच्या. त्या लवकर आलीस असं कधी म्हणल्या नायत. पण भोंगा आधी झाला तर दिवसभर तोंड फिरवायच्या.

गडावर जायच्या दिवशी पोरीचं कपाळ मला कोमट लागलं. मी आत्यांना म्हणलं, आज नको. त्या म्हणल्या, "दात येतायत. आन् आता नाय म्हणलीस तर कपाळ थंड होईल का?" मालक दारात उभे होते. जाऊ नको म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि आईकडं बघून मिटलं. मी टेम्पोत बसले. पोरगी कडेवरून माझ्याकडं दोन्ही हात करून रडत होती, गल्लीच्या वळणापर्यंत ते मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी वणीला अण्णांनी माझ्या हातात ज्योत दिली तेव्हा उजाडत होतं. मी पळाले. ओझरखेडच्या धरणापर्यंत बरी पळाले, वारा गार होता, मागनं पोरं ओरडत होती, "वहिनी, आमची लाज काढणार तुम्ही!" दांडी जड, हात खांद्यातून भरून आलेला, तेल मनगटावर ओघळून भाजत होतं. पण मला त्याचं काय नव्हतं. मी प्रत्येक खांबाला म्हणत होते, माझी पोरगी वाचू दे, पोरगी वाचू दे. मग मागं टेम्पोचा पट्टा तुटला. अण्णा लांबनं ओरडले, "वहिनी, थांबू नका, वेळ जाईल. आम्ही गाठतो तुम्हाला!" आणि मी एकटी झाले.

ऊन चढलं. अश्विनाचं ऊन, सकाळीच चटका देणारं. तळवा कुठंतरी फाटला, मी बघितलं नाय, रस्त्यावर ओलं उमटत होतं. लखमापूर फाटा मागं गेला. सायकलवर एक मास्तर भेटले, त्यांना विचारलं किती वाजले, ते म्हणले आठ होऊन गेले. अजून लय रस्ता होता. माझा श्वास वरच्या वर चालला होता, आत काही जातच नव्हतं. आणि तेवढ्यात ज्योत खाली बसायला लागली. आधी पिवळी, मग नुसती कडेनं निळी. तेल टेम्पोत. मी मागं बघितलं, रस्ता रिकामा. मी पदरानं वारा अडवला, पदर करपला. निळा जाळ बघितला आणि मला पोरीचे निळे ओठ दिसले. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाय.

उसाच्या बांधावरनं एक बाई आली. वयानं माझ्या आईएवढी, काळीसावळी, विटकं लुगडं, काखेत घटाच्या सामानाची पिशवी. तिनं ज्योतीकडं बघितलं. पिशवीतनं बाटली काढली, बुच दातानं उपटलं आणि अख्खं तेल वाटीत ओतलं. ज्योत भसकन वर आली. तिच्या भुवयांजवळचे केस होरपळले तर ती हसली.

मी म्हणलं, "मावशी, नऊ दिवसांच्या दिव्याचं तेल होतं ना ते?"

"दिव्यातच गेलं की. तू रडतीस कशाला? विझली का?"

मग माझ्या तोंडातनं सगळं बाहेर पडलं, दवाखाना, नवस, नऊची वेळ, कोमट कपाळ. धाप लागलेली, शब्द तुटत होते. तिनं ऐकून घेतलं.

"पोरगी कुठं हाय आता?"

"घरी. नाशिकला."

"तापात?"

"हो."

"मग तू हितं काय करतीस?"

"नवस हाय ना मावशी. पुरा केला नाय तर ती..."

"ती आई हाय का फौजदार हाय गं?" बाई चिडलीच. "लेकरू तापलेलं सोडून पळ म्हणून ती सांगंल का? तिला अठरा हात हायेत. तुझा एक नसला तर काय अडून राहायचंय?"

तेवढ्यात वणीकडनं एसटी आली. तिथं थांबा नव्हता. बाई रस्त्याच्या मधी जाऊन हात पसरून उभी राहिली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि बाहेर तोंड काढून ओरडला, "मरायचंय का? हितं थांबा नाय!"

"थांबलास ना? मग झाला थांबा."

गाडीतली माणसं हसली. तिनं माझ्या मुठीवर हात ठेवला. माझी बोटं दांडीला चिकटली होती, तिनं एकेक सोडवली. मी म्हणलं, तुम्हाला पळता येतं का? ती म्हणाली, "म्हशीमागं पळून जल्म गेला. जा तू." मी पायरीवर चढले. मागच्या काचेतनं बघितलं तर ती लुगड्याचा काष्टा आवळून खरंच पळत होती. ज्योत उभी होती. माझा नवस तिथं मोडला. आणि मी खरं सांगते, मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

घराला कुलूप. शेजारणीनं माझे पाय बघितले आणि नुसतं दवाखान्याकडं बोट केलं.

पोरगी पहाटेपासून आकडीत होती. नाकात नळी, हात फळीला बांधलेला. मालक भिंतीला टेकून उभे, कामाच्या कपड्यातच. सिस्टर म्हणाली, "आई आली का? कुठं होती आई?" आत्यांनी माझे रिकामे हात बघितले. "ज्योत कुठंय?" मी म्हणलं, दिली. त्यांनी तोंडात पदर कोंबला आणि खाली बसल्या. आता ती जाणार, असंच त्यांना वाटलं. मला पण वाटलं. दुपारी तिचा श्वास दोनदा अडला, डॉक्टरांनी छाती दाबून आणला. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होते, नुसती घरातली नावं घेत होते, मनी, कोंबडी, बाबा. देवीला काही बोलले नाय. मागितलं नाय, कबूल केलं नाय. एवढंच मनात आलं, तुझी हाय, माझी पण हाय, तू बघ. संध्याकाळी तिनं डोळे उघडले आणि माझा कान धरला.

अण्णा रात्री आले. टेम्पो नीट करून ते निघाले तर अवनखेडच्या अलीकडं त्यांना ती बाई सापडली, ज्योत घेऊन धापा टाकत. त्यांनाच शिव्या दिल्या तिनं, बाईमाणसाला एकटं सोडून कुठं बसला होता म्हणून. ज्योत देऊन उसात गेली. नाव कुणी विचारलं नाय. घट वेळेत बसला. पुढं मी दोनदा त्या रस्त्याला जाऊन चौकशी केली. लोकांनी दोन-तीन बायका दाखवल्या, त्यातली ती नव्हती. ती कोण होती यावर मी वाद घालत नाय. ती शेतकऱ्याची बाई असेल. मला तेवढं पुरतं.

पोरगी वाचली, पण डावा हात लुळा राहिला. डॉक्टर म्हणले, झटका फार वेळ चालला. आत्या म्हणल्या, "नवस अर्धा राहिला म्हणून हात अर्धा राहिला." हे मी किती वेळा ऐकलं असेल. हळदीकुंकवात ऐकलं, बारशात ऐकलं. रात्री उशीत तोंड घालून मी पण तसाच विचार केलाय, खोटं कशाला बोलू. पण मग आठवतं की दुपारी तिचा श्वास अडला तेव्हा मी तिथं होते. ते कुणी मला दिलं ते मला माहीत हाय.

मागच्या वर्षी आम्ही तिला गडावर नेलं. गर्दीत आत्यांनी तिचा लुळा हात देवीपुढं धरला आणि त्यांच्या ओठात सुरुवात झाली, "आई, हिचा हात चांगला कर, मी तुला..." मी सासूच्या तोंडावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणलं, "आत्या, बोलू नका. देवीला दिसतंय." मला वाटलं आता सगळ्यांपुढं कानाखाली बसणार. त्यांचे म्हातारे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते अर्धं वाक्य तिथंच सोडून दिलं. मग आम्ही तिघी नुसत्या हात जोडून उभ्या राहिलो. पोरीनं एकच जोडला.