माशाचं तेल आणि आत्याबाई

हिंगोलीच्या स्टेशनात गाडी लागली तरी माय रडायचं नाव घेईना. ती औषधं सांगत होती. "सुंठ सकाळी. आसकंद निजताना, दुधातून. निरगुडीचा पाला उकळून त्या पाण्यानं अंग शेकायचं. एरंडेलाची बाटली आडवी करू नको." जवळा बाजाराकडच्या आमच्या गावातून बैलगाडीनं येताना हे सगळं सांगून झालं होतं, तरी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी बा वैतागले. म्हणाले, "पोरगी नांदायला चालली का दवाखान्यात?" तेव्हा कुठं मायला हुंदका फुटला, आणि मला हसू. नवी नवरी हसत हसत हैदराबादच्या गाडीत बसली, हे गावात बरेच दिवस चघळलं गेलं असणार. तुम्ही जे मागं राहिलात त्यांनीच चघळलं असेल, आता कबूल करायला हरकत नाही.

माझं दुखणं तसं जुनंच. लहानपणी मोठा ताप आला आणि जाताना हे मागं ठेवून गेला. आज खांदे, उद्या मांड्या, परवा बोटं. कुणी प्रेमानं पाठीवर थाप मारली तरी डोळ्यांत पाणी यायचं. ना सूज, ना जखम. सकाळी उठावं तर रात्रभर जात्यावर बसल्यासारखं अंग. आता नात म्हणते, डॉक्टरांनी या दुखण्याला लांबलचक नाव दिलंय. तिनं ते मला दोनदा सांगितलं, मला दोन्ही वेळा म्हणता आलं नाही. आमच्या गावात त्याला नाव नव्हतं आणि नावावाचून कुणाचं अडतही नव्हतं. अमकीचे केस लांब, तमकीचा आवाज मोठा, तसं हिचं अंग दुखतं. सगळ्यांना ठाऊक, विषय संपला.

हैदराबादेत मात्र तिथूनच विषय सुरू झाला. आमचे हे रेल्वेच्या कारखान्यात कामाला. काचीगुड्याजवळ दोन खोल्या, दाराशी नळ, गल्लीत विजेचा दिवा. कालवणाला सालन म्हणायचं आणि पथ्याला परहेज, हे महिन्याभरात अंगवळणी पडलं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, मूळच्या सेनगावकडच्या. त्यांचे आईबाप त्या लहान असतानाच गेलेले. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं नावसुद्धा काढायचं नाही, आणि दुखण्यावर एकच उत्तर, "कामाला लागलं की दुखनं आपोआप पळतंय."

माझं पळालं नाही. पहिल्याच पावसाळ्यात पाट्यावर वरवंटा ओढवेना. मग एक दिवस यांना आत्याबाई म्हणाल्या, "दिवाळीपतोर बघू. न्हाई बरं वाटलं तर माहेरी धाडून देऊ. हवापालट व्हईल." आतल्या खोलीत माझे हातपाय गार पडले. गल्लीतली एक सून अशीच हवापालटाला गेली होती. ती परत आली नाही, तिच्या जागी दुसरी आली. ते घर मला अजून आपलं वाटत नव्हतं, पण हे आवडायला लागले होते. आमच्या पिढीत असं लिहायची पद्धत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

तेव्हा दिवाळीच्या आत बरं व्हायचंच, असा मी हट्ट धरला. शेजारच्या खाला हिंगोलीच्याच, त्यांचे मियाँ भांड्यांना कल्हई करायचे. त्या मला हकीमसाहेबांकडे घेऊन गेल्या. वाटेत म्हणाल्या, "तकलीफ दिसत न्हाई म्हून झूट ऱ्हाती का? दात दुखला तर दिसतो का?" हकीमसाहेबांनी गोडसर माजून चाटायला दिलं. एका वैद्यांनी काढा दिला. मग हे मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी जागोजागी दाबून पाहिलं, प्रत्येक ठिकाणी मी ओरडले, आणि ते म्हणाले की काही झालेलं नाही, व्हिटॅमिन कमी पडतंय. एक मिक्श्चर दिलं आणि माशाच्या तेलाची बाटली. व्हिटॅमिन हा शब्द आमच्या घरात असा पहिल्यांदा आला, वासासकट. आत्याबाईंनी ती बाटली न्हाणीघरात कोळशाच्या पोत्यामागं ठेवायला लावली आणि तिला न शिवताच हात राखेनं घासले.

औषध परवडलं, पण परहेज नको. वैद्यांनी दही, चिंच आणि वांगं बंद केलं. हकीमसाहेबांनी भात आणि उडीद. डॉक्टर म्हणाले, तिखट-तळण नको. गावाकडून कुणी आलं त्याच्यासोबत मायचा निरोप, गुळाला हात लावू नको. मी सगळ्यांचं सगळं इमानदारीनं पाळलं. खायला उरली भाकरी आणि दुधीभोपळा. दसऱ्यापर्यंत मी स्वतःच दुधीसारखी दिसायला लागले. हे बिचारे माझ्यासमोर जेवायला लाजायचे.

एवढं करून गुण काही येईना, औषधं मात्र भराभर संपायची. मिक्श्चरच्या बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे, एका वेळी एक खूण प्यायची. मी एक प्यायची आणि बाटली दोन खुणा उतरायची. आसकंदाचा डबा हलका, मायनं दिलेले डिंकाचे लाडू कमी. आधी मी उंदरावर संशय घेतला. पण उंदीर काढा पितो असं कुठं ऐकलं नव्हतं. मग यांच्यावर घेतला. यांनी इतक्या शपथा घेतल्या की संशय आणखी वाढला.

दिवाळी तोंडावर आली होती. एका दुपारी मी खालांकडून जरा लवकर परतले. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. ढकललं, तर आत आत्याबाई. एका हातानं नाक दाबलेलं, दुसऱ्या हातात चमचा, आणि गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवलेली.

"आत्याबाई, ते माशाचं हाय," माझ्या तोंडून निघून गेलं.

"ठावं हाय मला. म्हून तर माळ काढून ठिवली."

त्यांनी चमचा तोंडात रिकामा केला, शहारल्या, आणि तशाच कोळशाच्या पोत्यावर बसल्या. "माझं बी दुखतं, पोरी. बराबर तुझ्यावानीच. लगीन होऊन आले तवापासून. कोनाला सांगू?"

"मंग मला काहून माहेरी धाडून राहिलात?" मला रडूच आलं.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "तुला माहेर हाय म्हून. तितं माय इचारती, शेकती. मला कोनी धाडलं असतं, तर मी पळत गेले असते. मला कुठं होतं माहेर?"

ज्या शब्दांनी माझी झोप उडवली होती, ते त्यांनी मला मायेनं देऊ केले होते. मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले. बाहेर आलो तेव्हा दोघींची लुगडी मागून काळीकुट्ट झाली होती, आणि ते का, हे यांना कुणी कधी सांगितलं नाही.

त्याच दिवशी आत्याबाईंनी माझं परहेज मोडलं. चिंच घालून वांग्याचं सालन केलं, मी दोनदा भात घेतला. दुखणं काही गेलं नाही, खोटं कशाला सांगू. बरीचशी औषधं आम्ही सोडून दिली. निरगुडीच्या पाण्याचा शेक आणि तिळाच्या कोमट तेलाची मालिश तेवढी टिकली, कधी मी त्यांना, कधी त्या मला. माशाचं तेलही टिकलं. माळ रोज खुंटीला जायची आणि परत गळ्यात यायची. देवानं तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

अठ्ठेचाळीस साली पोलिस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. काही दिवस गाड्या बंद, बाजार बंद. खालांचं दार आतून लावलेलं असायचं. आत्याबाई मागच्या बाजूनं त्यांना भाकरी पोचवायच्या आणि सोबत आसकंदाची पुडी, कारण भीतीनं अंग जास्तच धरतं म्हणे. गाड्या पुन्हा धावू लागल्या तेव्हा त्यांनीच मला माहेरी पाठवलं. "जा, आठ दिस निजून घे." या वेळी माझे हातपाय गार पडले नाहीत.

गावी माझे लाडच लाड झाले. माय रोज शेकायची, रोज विचारायची, कुठं दुखतंय. मी सांगायची. पण सांगून झालं की काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं. चार-पाच दिवसांनी लक्षात आलं, इथं "माझं बी" म्हणणारं कुणी नव्हतं. तरी मायचं मन मोडवेना, म्हणून मी आठाचे पंधरा दिवस केले.

सोळाव्या दिवशी दारात बैलगाडी थांबली. आतून ट्रंक उतरली, मागोमाग आत्याबाई. मायची धांदल उडाली. "विहीनबाई, लेकीला न्यायला आलात व्हय? आमी धाडणारच होतो बघा."

"न्यायला न्हाई आले," आत्याबाई ओट्यावर पाय पसरून म्हणाल्या. "मला बी चार दिस ठिवून घ्या."

माय लगेच तेल गरम करायला आत गेली.

गाव सोडून गेलेले आणि मागं राहिलेले, तुम्ही सगळे मला विचारता, तुझं खरं घर कोणतं, गावाकडचं की हैदराबादचं? मला फक्त तो ओटा दिसतो. माय कोमट तेलाची वाटी घेऊन बाहेर आलेली, आम्ही दोघी शेजारी शेजारी पालथ्या पडलेल्या. मी सकाळपासून दुखण्याचं अक्षर काढलं नव्हतं. माय आत्याबाईंच्या पाठीशी बसली, तशा त्या मान वळवून म्हणाल्या, "आधी हिला लावा. हिचं आज लई दुखून राहिलं."