साहेबांच्या पुढे कसं चालायचं?

चौघांचंही अंतर जवळजवळ सारखंच आलं, तेव्हा मला आधी आनंदच झाला. वाटलं, टेस्ट किती नीटनेटकी झाली! डॉक्टर मॅडमनी आकडे बघितले आणि देशकर काकांच्या नावावर पेन टेकवलं.

"ये तो अनफिट हैं. इनको क्रेन पे नहीं भेज सकती."

माझा आनंद तिथेच संपला.

मी तेव्हा व्यायामशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आम्ही राहायचो, बाबा तिथे टेक्निशियन होते. मी काय शिकते हे कोणाला सांगायचं म्हणजे डोक्याला ताप. "म्हणजे पी.टी. टीचर होणार?" हा प्रश्न ठरलेला. शरीर मेहनत करतं तेव्हा हृदय, फुप्फुसं आणि स्नायू कसे वागतात आणि ते मोजायचं कसं, हा आमचा विषय. पण एवढं सांगेपर्यंत समोरच्याचा चहा पिऊन झालेला असायचा. शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागायचा, म्हणून मी टाउनशिपच्या हॉस्पिटलात जात होते.

देशकर काका आमच्याच लाइनीत राहायचे. मूळचे नागपूरचे. कारखान्याच्या शेडमध्ये छताजवळून सरकणारी मोठी क्रेन ते चालवायचे. त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती, म्हणजे हृदयाची तुंबलेली नळी आतून मोकळी केली होती. बाकी सगळे रिपोर्ट चांगले होते. प्रश्न उरला होता दमाचा. क्रेनच्या केबिनपर्यंत उंच शिडी चढून जावं लागतं. दम पुरत नसेल तर क्रेन बंद, गेटवर बसून टोकन वाटायचं. काकांनी घरी जाहीर करून टाकलं होतं, टोकन वाटण्यापेक्षा नोकरी सोडून नागपूरला जाईन. काकू आईजवळ येऊन रडून गेल्या होत्या.

टेस्ट तशी साधी. व्हरांड्यात दोन टोकांना दोन खुणा ठेवायच्या. माणसाने सहा मिनिटं, न धावता, जमेल तितक्या जोरात त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालायच्या. किती अंतर कापलं त्यावरून दमाचा अंदाज येतो. ओपीडी संपल्यावरच व्हरांडा मोकळा व्हायचा, म्हणून मॅडम म्हणाल्या होत्या की चौघांना एकदमच चालव. त्या चौघांत काकांच्याच शेडचे डीजीएम चतुर्वेदी साहेबही होते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

"मॅडम, काका की साँस तो फूली ही नहीं," मी म्हटलं. "पल्स भी खास नहीं बढ़ी."

"पल्स तो गोली से दबी रहती है. पढ़ा नहीं?"

वाचलं होतं. हृदयाच्या पेशंटला दिलेल्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, त्यामुळे नुसत्या नाडीवर विसंबता येत नाही.

"मैंने पूछा भी था, कितना ज़ोर लगा. बोले, कुछ नहीं लगा."

"जिसको ड्यूटी चाहिए वो यही बोलता है, बेटा."

मॅडम काही दुष्ट नव्हत्या. उद्या शिडीवर माणसाला काही झालं असतं तर सही त्यांची होती. मी खिडकीतून बाहेर बघायला लागले. चौघं घरी निघाले होते. साहेब पुढे, गुडघा सांभाळत, हळूहळू. मागे तिघं. साहेब बुटाची लेस बांधायला वाकले. मागचे तिघंही थांबले. साहेब सरळ झाले, चालू लागले. तेव्हा तिघंही चालू लागले.

मी धावत बाहेर गेले आणि काकांना बाजूला घेतलं.

"काका, टेस्टमध्ये तुम्ही साहेबांच्या मागेमागे का चाललात? पुढे निघून जायचं ना!"

काका माझ्याकडे बघतच राहिले. "काय बोलून राहिली वं पोरी? साहेबायले मागं टाकू? त्यायचा गुडघा दुखून राहिला, अन् मी समोरून भरभर जाऊ? बरं दिसते का ते?"

"अहो, मी 'जोरात चला, जोरात चला' म्हणून ओरडत होते!"

"हाव, आलं न ऐकू. पण साहेबच हळू चालत होते."

मी कपाळावर हात मारला. नोकरी जायची वेळ आलेली, आणि हा माणूस रीतभात सांभाळत होता! हसावं की रागवावं कळेना. मॅडमना सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "ठीक है. कल अकेले देशकर को चलाओ."

दुसऱ्या दिवशी काका नवे कॅनव्हासचे बूट घालून आले. पहिली फेरी झकास गेली. मग व्हरांड्याच्या पलीकडच्या बाकावर चतुर्वेदी साहेब येऊन बसले. फिजिओथेरपीसाठी आले होते. काका तिथे पोचले, थबकले, हात जोडले. पुढच्या फेरीला पुन्हा थबकले, पुन्हा मान तुकवली. मी स्टॉपवॉच बंद केलं आणि काकांना विश्रांती घ्यायला बसवलं.

आता साहेबांना उठवायला हवं होतं. ते बाबांचेही साहेबच. मला भीती वाटत होती, पण काकूंचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

"सर, आप थोड़ी देर अंदर बैठेंगे?"

"क्यों भई?"

"आप सामने हैं तो काका ठीक से चल नहीं पा रहे. कल भी आपके पीछे ही चलते रहे. उनकी क्रेन छूट जाएगी, सर."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली. साहेबांचा चेहरा जरा उतरला.

"अच्छा. और मैं घर जाकर खुश हो रहा था, कि इस घुटने के साथ भी सबसे आगे रहा."

काठी टेकत ते उठले. आत जाता जाता दारातून वळून म्हणाले, "देशकर, तेज़ चलो. ऑर्डर है."

"जी साब!"

आणि मग काका चालले. शर्टाचं टोक फडफडत होतं, खुणेपाशी सर्रकन वळत होते. दम लागत होता, पण माझ्या प्रश्नांना नीट उत्तरं देत होते. मॅडम केबिनमधून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. वेळ संपली तेव्हा कालच्या आणि आजच्या आकड्यांत इतका फरक होता की मला रडूच आलं. मॅडमनी त्यांना पुन्हा तपासलं, मग हॉस्पिटलचा जिना चढायला लावला, स्वतः मागून चढल्या, वर पुन्हा बीपी घेतलं.

मेडिकल बोर्डाने काकांना फिट ठरवलं. काही दिवस ओव्हरटाइम नाही आणि शिडी चढताना सोबत कोणीतरी हवं, एवढ्याच अटी. एका संध्याकाळी बाबा ड्यूटीवरून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "देशकर चढला आज वर. मध्ये एकदा थांबला, पण चढला." आई तशीच काकूंकडे पळाली.

पुढे मी याच कामात राहिले. मोठ्या कंपन्यांत गटाने टेस्ट घ्यायची वेळ अजूनही येते. वय, वजन, औषधं विचारून झाली की मी आमच्या कुठल्याच पेपरात नसलेला एक प्रश्न विचारते, "तुमच्यात साहेब कोण?" मग त्यांची टेस्ट आधी घेते, आभार मानते आणि त्यांना घरी पाठवून देते.