आजोबांना कोणी नेलं?

मंडळी, मला अक्षर येत नाही. मी बोलतेय, सून लिहितेय. चुका तिच्या.

आज लेकाने तोक्योतल्या एका संग्रहालयात नेलं. तिथे सोव्हिएत काळातलं, दगडावर काढून कागदावर छापलेलं चित्र होतं. बर्फातून एक बाई लाकडी घसरगाडी ओढतेय, गाडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट. कोपऱ्यात रशियन अक्षरं होती, म्हणजे तेवढ्यापुरते घरातले सगळे माझ्यासारखेच.

"बाबा, गाडीत काय आहे?" नातीने विचारलं.

"लाकडं," लेक म्हणाला.

"माणूस आहे," मी म्हटलं. "तिच्या घरातला असेल. पोचवायला निघालीय."

नात चित्राच्या आणखी जवळ गेली. मग म्हणाली, "आजी, आपल्या आजोबांना कोणी नेलं?"

हे गेले तेव्हा लेक इथून गावी यायला निघाला होता, पण वेळेत पोचला नव्हता. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

"शेजाऱ्यांनी," मी म्हटलं. "तुझा बाबा वाटेत होता."

चित्राकडेच बघत लेक म्हणाला, "आई, थोडं थांबायचं होतंस माझ्यासाठी."

"वैशाख होता रे," मी म्हटलं. "या चित्रातल्यासारखा बर्फ कुठून आणणार होते?"

घरी परतताना ट्रेनमध्ये माझी पिशवी लेकाने मांडीवर घेतली होती.

तुमच्याही घरात असं काही न बोललेलं आहे का? पोरांनी विचारायच्या आत बोलून घ्या.