बेचाळीसनंतर चव्वेचाळीस

एक्सेलचं शीट उघडलं की काका आधी डाव्या कडेला बोट ठेवायचे आणि ओळींच्या नंबरांवरून सावकाश खाली यायचे. तुमच्या-माझ्यासारखं शेवटची बेरीज बघून मोकळं होणं त्यांना जमायचं नाही.

"बेरीज बराबरच दिसती हो. कोण न्हाई, ते बघा."

आमच्या आरोग्य केंद्रात ते डेटा ऑपरेटर होते. घर मेंढपाळांचं. "बापाला मोजता येत नव्हतं," ते सांगायचे. "मेंढवाड्याच्या तोंडाशी उभा राहून कोणती आली न्हाई तेवढं बघायचा. बिलकुल चुकला न्हाई."

एकदा वरून आलेल्या शीटमध्ये शेवटची गावं बेरजेत धरलीच नव्हती. काकांनी फोन लावला. "साहेब, तुमची बेरीज हसनाबादलाच उतरली. धावड्याला आलीच न्हाई." चूक कोणाची, हे मात्र ते कधी विचारायचे नाहीत. "शीट चुकलं," एवढंच म्हणायचे.

जोखमीच्या बाळंतपणांची यादी माझ्याकडे होती. बैठकीसाठी प्रिंट एका पानावर बसेना, एकच ओळ खाली उरत होती. जिची तारीख सगळ्यात लांब होती, तिची ओळ मी लपवली. नंतर परत काढू म्हटलं आणि विसरलो. पुढच्या महिन्यात नर्सताई त्याच यादीवर फिरल्या. काका तेव्हा रजेवर होते.

रजेवरून आले त्या सकाळी त्यांचं बोट बेचाळीसवर थांबलं. खाली चव्वेचाळीस होता. त्यांनी ओळ उघडली, नाव वाचलं, वस्तीवर फोन लावला. बराच वेळ ऐकत राहिले.

"बाई हाय," फोन ठेवून म्हणाले. "लेकरू दिवसाआधीच झालं. परवाच गेलं."

डॉक्टर मॅडमनी विचारलं, कोणी केलं हे? "शीट चुकलं, मॅडम." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. दुपारी आपल्यातला अर्धा चहा माझ्यापुढे सरकवला. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. चहा प्यालो आणि राहिलेली यादी भरत बसलो. त्यानंतर वर्षभर तसाच बसत आलो.

यंदा पोळ्याच्या आठवड्यात काका गेले. झोपेतच. मातीला जाऊन आलो, तेव्हाही काही वाटलं नाही.

परवा हजेरीचं शीट उघडलं. बोट आपसूक कडेला गेलं. सहानंतर आठ. कोणीतरी त्यांची ओळ लपवली होती. मी ती उघडली. नाव आलं, पुढे रिकामी घरं. प्रिंट दुसऱ्या पानावर गेली.

"एका ओळीसाठी आख्खं पान?" मॅडम म्हणाल्या. "ही ओळ कोणी उघडली?"

"मी," म्हणालो. "आणि ती त्रेचाळिसावी मीच लपवली होती, मॅडम."