बिनसीटची सायकल घेऊन खडवलीला

रविवारी सकाळी सहाला मी डोंबिवलीतून निघाले आणि सोसायटीच्या गेटपर्यंत पोचायच्या आतच माझं डोकं फिरलं होतं.

"मॅडम, सीट चोरीला गेली का?" वॉचमनने विचारलं. चार वर्षं तो दर महिन्याला हेच विचारतो आणि चार वर्षं मी सांगतेय, की या सायकलला सीट नसतेच. ही ट्रायल्सची सायकल. हिच्यावर बसायचं नसतं, उभं राहायचं असतं. दगडधोंड्यांवरून, ओंडक्यांवरून हिला उड्या मारत न्यायचं आणि पाय कुठेही टेकू द्यायचा नाही, एवढाच हा खेळ. त्रेचाळीस वर्षांच्या बाईने तो का खेळावा हे आमच्या सोसायटीला अजून कळलेलं नाही. सेक्रेटरींनी बागेतल्या कट्ट्यावर 'येथे सायकल चढवू नये' अशी पाटीच लावलीय. त्याच कट्ट्यावर दिवाळीत फटाके फुटतात, गणपतीत मांडवाचे बांबू ठोकले जातात, तेव्हा कट्ट्याला काही होत नाही. माझ्या दोन चाकांनी मात्र तो झिजतो.

गेटबाहेर निलेश टेम्पो घेऊन उभा होता. निलेश कळव्याचा, तिशीतला, स्वतःचं गॅरेज असलेला. तो हाच खेळ मोटारसायकलवर खेळतो. त्याची मोटारसायकल मागे दोरीने आवळलेली होती, तिच्या शेजारी मी माझी सायकल बांधली.

"ताई, आज सकाळीच फुल गरम?" तो म्हणाला.

"गाडी काढ तू," मी म्हटलं.

कल्याणपर्यंतचा रस्ता खणलेला, बुजवलेला आणि पुन्हा खणलेला होता. खरं तर सराव करायला आम्हाला नदीत जायची गरजच नाही, हेल्मेट घालून आपल्याच रस्त्यावर उतरलं तरी भागेल. शहाडच्या पुलाअलीकडे चहाला थांबलो, तर टपरीवाला टेम्पोत डोकावून म्हणाला, "ताई, सीट विसरलात वाटतं घरी." निलेश दुसरीकडे तोंड करून हसत होता. मी चहा अर्धा टाकला.

पण टिटवाळा मागे पडला की माणूस जरा निवळतो. भातकापणी झालेली, शेतांत नुसते धसकटांचे (कापलेल्या भाताच्या बुडख्यांचे) पट्टे, त्यावर दव आणि मधूनच पेंढ्याचा वास. खडवलीला भातसा नदी हिवाळ्यात घोट्याएवढी होते आणि तिच्या पात्रातले काळे खडक उघडे पडतात. काही टेबलाएवढे, काही टेम्पोएवढे. ते दिसले की मी मनातल्या मनात वाटा आखायला लागते, आणि त्यासाठीच मी चार वर्षं तिथे जातेय.

त्या दिवशी आणखी एक कारण होतं. तिथे खेळायला जमणाऱ्या आमच्या मंडळींत दोन गट आहेत. खालच्या गटात सगळी शाळकरी पोरं आणि मी. वरच्या गटात जायचं तर एका दिवसात पाच सेक्शन मिळून दंड पाचाच्या वर जाता कामा नये. सेक्शन म्हणजे खडकांमधली आखून दिलेली वाट. पाय टेकला की एक दंड, पडलात किंवा हद्दीबाहेर गेलात की एकदम पाच. चार वर्षांत मी सहावर दोनदा अडकले होते. मागच्या खेपेला एका सातवीतल्या पोराने मला "आंटी, पुढच्या वेळी होईल" असा धीर दिला होता. तो पोरगा आता वरच्या गटात आहे.

नदीकाठचं शेत दामाकाकांचं. साठी ओलांडलेले, अंगावर बनियन, खांद्यावर टॉवेल, कानावर निळं पेन. गाड्या त्यांच्या खळ्यात लागतात, जेवण त्यांच्या घरी होतं, आणि पंचही तेच. त्याला कारण आहे. सुरुवातीला आम्ही एकमेकांचे पंच व्हायचो आणि एकमेकांना सोडून द्यायचो. काकांचं खेळणाऱ्यांत कुणी नाही, त्यामुळे त्यांना सोडायला कुणीच नाही. ते खडकाशेजारी उकिडवे बसतात, डोळ्याची पापणी हलवत नाहीत आणि प्रत्येकाच्या कार्डावर आकडा लिहून कार्ड त्याच्याच हातात देतात.

हद्दीच्या रेघा ते चुन्याने मारतात. त्या दिवशी दोन सेक्शनांतच चुना संपला, म्हणून तिसऱ्याला त्यांनी घरातला गेरू कालवून आणला, चौथ्या-पाचव्याला नुसती सुतळी बांधली. एका मोठ्या खडकाच्या उभ्या अंगावर, गुडघ्याच्या उंचीवर, ओली लाल रेघ चमकत होती. आधी पायी फिरून वाट बघून घ्यायची असते. ही फेरी मी चपलांत मारते आणि बूट सायकलवर चढताना घालते.

पहिल्या सेक्शनला दोन दंड. दुसऱ्याला एक. तिसऱ्याला त्या मोठ्या खडकाजवळ पुढचं चाक उचललं, सायकल डावीकडे कलली, मी कंबर आत ओढली, मागचं चाक वर आलं आणि मी पार झाले. माझ्या मते स्वच्छ.

"एक," काका म्हणाले.

"एक कसला?"

"पाय लागला तुमचा. खडकाला. मना दिसला."

मग मी जे सुरू केलं ते सगळ्या नदीने ऐकलं. लागला नाही, तुम्ही उन्हाकडे तोंड करून बसलाय, तुम्हाला दिसणार कसं. पोरांना सोडता आणि मी बाई म्हणून माझ्यावर डोळा. चार वर्षं येतेय, खोटं बोलते का मी. निलेश मोटारसायकल बंद करून "ताई, जाऊ द्या ना" म्हणायला आला, तर त्यालाही बोलणी बसली. काका ऐकत राहिले. त्यांची नजर एकदा माझ्या पायांकडे गेली, मग तोंडाकडे आली.

"बरं. तुमी सांगताव तर नसंल लागला," ते म्हणाले. पेन कानावरच ठेवून त्यांनी टॉवेलच्या गाठीतली पेन्सिल काढली आणि शून्य लिहिलं. मी कार्ड ओढून घेतलं. हक्काचं होतं ते माझं.

रागाचा एक फायदा असतो. चौथा सेक्शन मी एकही पाय न टेकता काढला. पाचव्याला दोनदा टेकला, तो मीच आधी ओरडून सांगितला. बेरीज पाच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. वरचा गट.

जेवायला खळ्यातल्या बाकड्यांवर बुटांसकटच बसलो. काकूंनी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट (वाळवलेला जवळा) वाढली. काका माझ्यासमोरच बसले होते. मी मान वर न करता जेवत होते. त्यांनी मात्र काकूंना सांगून माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढायला लावली, आणि मला त्याचाही राग आला. आता लाडीगोडी कशाला, आधी नीट बघायचं होतं.

परतताना शहाडच्या पुलावर तास गेला. पुढे एक ट्रक बंद पडलेला आणि मागे सगळे असे हॉर्न वाजवत होते, जणू हॉर्नने ट्रक दुरुस्त होतो. मी निलेशला काकांबद्दल पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. तो बिचारा "हो ताई, बरोबर ताई" करत होता. बोलता बोलता पाय आखडला, म्हणून मी डावा बूट काढून मांडीवर घेतला.

बुटाच्या बाहेरच्या अंगाला, घोट्याखाली, चार बोटं रुंद लाल पट्टा होता.

मी तो नखाने खरवडला. गेरूच. वाळून चिकटलेला. पूर्ण दिवसात गेरू एकाच ठिकाणी होता, आणि पायी चालताना बुटाच्या त्या जागेला लागेल अशा उंचीवर तो नव्हताच. खडकाला पाय रेटल्याशिवाय हा पट्टा येत नाही. मग मी कार्ड काढलं. दोन, एक, शून्य, शून्य, दोन. चार आकडे निळ्या पेनाचे, तिसरा तेवढा पेन्सिलीचा.

"काय झालं ताई?" निलेशने विचारलं.

मी काकांना फोन लावला.

"काका, माझा पाय लागला होता."

"व्हय," काका म्हणाले. मागे बादलीचा आवाज येत होता. "बूट काढला वाटतं."

"तुम्हाला तिथेच दिसला होता गेरू?"

"दिसला की. एवढा लाल."

"मग दाखवला का नाही?"

"तवा दाखवला असता, तर तुमी बुटाशीपन भांडला असता," ते शांतपणे म्हणाले. "म्हटलं, घरी जातील, बूट तर काढतीलच. म्हून पेन्सिलीनं लिवलं."

मला लाज वाटली. इतकी, की माफी मागायचंही धड जमलं नाही. "पुढच्या महिन्यात येते," एवढंच म्हटलं.

"या. चुना जास्त आणून ठेवतो," ते म्हणाले.

पूर्ण दिवस मी सगळ्यांवर चिडले होते. वॉचमनवर, सेक्रेटरींवर, टपरीवाल्यावर, रस्त्यावर, ट्रकवर. त्यातले अर्धे राग खरे आहेत आणि ते मी सोडणार नाही, रस्ता अजून खणलेलाच आहे. पण ज्या एका माणसाने त्या दिवशी माझ्याशी चोख व्यवहार केला, त्याच्यावर मी सगळ्यांत जास्त ओरडले. त्याने माझा खोटेपणा चव्हाट्यावर आणला नाही. माझा खरेपणा माझ्या आधी त्याने गृहीत धरला आणि तो पुसता येईल अशा अक्षरांत लिहून ठेवला.

डोंबिवलीत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. निलेशने सायकल उतरवून दिली.

"मॅडम, सीट भेटली का?" वॉचमनने विचारलं.

मी त्याच्याकडे नोंदवहीचं पेन मागितलं, टेबलावर कार्ड ठेवलं, अंगठ्याने शून्य पुसलं आणि तिथे एक लिहिला. खाली बेरीज सहा केली. मग त्याला सांगितलं, की पुढच्या महिन्यातही मी पोरांच्याच गटात आहे, तर सकाळी गेट लवकर उघड.